सहा जणांचा युवा गट: उपक्रम कसे निवडायचे आणि त्यात संशोधन कुठे असतं

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो: पद्धत शिकायची कशावर? नेटचा अभ्यास करताना ‘नमुना’, ‘चल’, ‘पूर्वग्रह’ हे शब्द पाठ होतात, पण हाताला लागत नाहीत. माझं उत्तर साधं आहे. ज्या गटात तुम्ही आधीपासून बसता, तिथेच बघा. आज त्यासाठी एक अगदी छोटं उदाहरण घेऊ: भंडारा जिल्ह्यातला कॅथलिक तरुणांचा लहान गट.

हेच उदाहरण का, ते आधी सांगतो. भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात येतो. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत बनला. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. त्याच जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यातले बरेचसे मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यात. त्यामुळे आपल्याकडे कॅथलिक घरं थोडी, आणि तीही लांब लांब. रविवारच्या मिस्सानंतर युवा गटाची बैठक ठेवली तर सहा, आठ, फार तर दहा जण बसतात. त्यातले दोघं-तिघं बारावी झाली की नागपूरला किंवा पुण्याला जातात आणि गट आणखी आटतो.

मग गट चालवणाऱ्या ताई-दादांची तक्रार सुरू होते: पोरं येत नाहीत. त्यांच्या हातात जे उपक्रम असतात ते बहुतेक मोठ्या धर्मग्रामांत घडलेले. प्रश्नमंजूषा, क्रीडास्पर्धा, गुणदर्शन, बाहेरच्या वक्त्याचं भाषण. वसईत, जिथे एकेका धर्मग्रामात तरुणांची संख्या मोठी असते, तिथे हे मस्त चालतं. सहा जणांत तीन विरुद्ध तीन अशी प्रश्नमंजूषा घेतली तर ती वीस मिनिटांत संपते, आणि घरी जाताना प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट उरते: आपण किती थोडे आहोत.

माझं म्हणणं असं, की सहा ही संख्या कामासाठी चांगली आहे. लहान गटांवर शंभरहून जास्त वर्षं संशोधन झालंय आणि त्यातून लहान गटाला मानवतील असे उपक्रम काढता येतात. खाली असे सहा उपक्रम दिलेत. प्रत्येकाबरोबर त्यामागचा अभ्यास आणि संशोधनाची तयारी करणाऱ्याने त्यातून काय उचलावं, तेही लिहिलंय.

आधी थोडं गणित

बैठक एक तासाची आहे. प्रार्थना आणि सूचना यांत पंधरा मिनिटं गेली. उरली ४५. सहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. वीस जण असतील तर सव्वादोन मिनिटं. सव्वादोन मिनिटांत माणूस फक्त मत देतो. साडेसात मिनिटांत तो काय घडलं ते सांगू शकतो.

दुसरं गणित जोड्यांचं. सहा जणांत १५ जोड्या होतात, बारा जणांत ६६, वीस जणांत १९०. पंधरा जोड्यांपैकी प्रत्येक जोडी वर्षभरात एकदा तरी एकत्र काम करू शकते. १९० जोड्यांना ते जमणार नाही. मोठ्या गटात ओळखी पातळ राहतात त्या यामुळेच.

‘पाहा, पारखा, करा’ ही जुनी रीत

कॅथलिक युवा चळवळींत लहान गटाची एक रीत फार आधीपासून आहे. ती जोसेफ कार्डाइन या बेल्जियन धर्मगुरूंची. त्यांचा जन्म १८८२ चा, ब्रुसेल्सजवळचा. सेमिनरीतून सुट्टीला घरी आले की गिरणी-कारखान्यात लागलेले शाळासोबती आपल्यापासून तुटलेत, असं त्यांना दिसायचं. ते १९०६ मध्ये धर्मगुरू झाले आणि १९१२ मध्ये ब्रुसेल्सच्या लाकेन भागात गेले. तिथे त्यांनी कामगार मुला-मुलींचे छोटे अभ्यासगट सुरू केले. त्यातून १९२५ मध्ये तरुण कामगारांची चळवळ उभी राहिली. पुढे त्याच रीतीवर विद्यार्थ्यांची चळवळही आली. ती भारतात ‘वायसीएस’ या नावाने ओळखली जाते.

रीत तीन पायऱ्यांची. आधी पाहा: प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागची खरी माहिती आणायची. मग पारखा: शुभवर्तमानाच्या आणि ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या उजेडात ती तपासायची. मग करा: छोटी का होईना, कृती ठरवायची. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ या विश्वपत्रात या तीन पायऱ्यांची शिफारस केली. कार्डाइन १९६५ मध्ये कार्डिनल झाले आणि १९६७ मध्ये वारले.

संशोधनाच्या विद्यार्थ्याला ही रीत लगेच ओळखीची वाटेल. निरीक्षण, विश्लेषण, हस्तक्षेप, आणि पुन्हा निरीक्षण. ज्याला आज आपण कृती-संशोधन म्हणतो त्याचा सांगाडा जवळपास हाच आहे. फरक एका जागी पडतो. तुमच्या प्रबंधात ‘पारखा’ची पायरी सिद्धांतावर उभी असते, युवा गटात ती श्रद्धेवर उभी असते. दोन्हीकडे पहिली पायरी मात्र सारखीच आहे. आधी नीट पाहायचं आणि तोवर निकाल द्यायचा नाही.

उपक्रम १: आधी लिहा, मग बोला

साहित्य: सहा चिठ्ठ्या, सहा पेनं. बायबलमधला एक उतारा वाचा, किंवा ‘या वर्षी आपण काय करावं?’ असा प्रश्न ठेवा. मग पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने लिहायचं. त्यानंतर गोल फिरत एकेकाने एकच मुद्दा वाचायचा. फेऱ्या संपेपर्यंत चर्चा नाही.

यामागचा अभ्यास असा. १९५० च्या दशकात अॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात-व्यावसायिकाने ब्रेनस्टॉर्मिंग लोकप्रिय केलं. एकत्र बसलं की कल्पना जास्त सुचतात, असं सगळ्यांनी मानलं. १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी ते तपासलं. एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पना आणि वेगवेगळे बसून लिहिणाऱ्या चौघांच्या एकत्र केलेल्या कल्पना त्यांनी मोजल्या. वेगळे बसणारे पुढे निघाले. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबण्यात सुचलेलं निसटतं किंवा मागे पडतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने लहान ख्रिस्ती समूहांसाठी शुभवर्तमान-वाचनाच्या सात पायऱ्या बसवल्या. आमंत्रण, वाचन, मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारणं, मौन, सहभागिता, कृतीचा विचार, प्रार्थना. यात मौन सहभागितेच्या आधी येतं, हे बघा. त्यांचं कारण आध्यात्मिक होतं, पण प्रयोगांनीही हाच क्रम फायद्याचा ठरवला.

तुम्ही काय उचलाल: मुलाखत असो की गटचर्चा, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडण्याआधी टिपून घ्या. नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचं मत सहा वेळा मोजलं जातं.

उपक्रम २: सहा जण, सहा प्रकरणं

पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे सृष्टीविषयीचं विश्वपत्र २०१५ चं. त्यात बरोबर सहा प्रकरणं आहेत. प्रत्येकाला एक प्रकरण द्या. दोन आठवडे द्या. मग प्रत्येकाने आपलं प्रकरण सहा-सात मिनिटांत बाकीच्यांना शिकवायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं, जे सहाही प्रकरणं एकत्र आणल्याशिवाय लिहिताच येणार नाही. उदाहरणार्थ: आपल्या गावच्या तलावाबद्दल हे विश्वपत्र आपल्याला काय करायला सांगतं? या विश्वपत्राची बांधणीही ढोबळमानाने पाहा, पारखा, करा अशीच आहे: पहिलं प्रकरण परिस्थिती सांगतं, मधली पारखतात, शेवटची दोन कृती आणि शिक्षणाकडे नेतात.

ही पद्धत एलियट अॅरन्सन यांची. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली आणि तणाव वाढला. अॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एक तुकडा दिला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पूर्णच होईना. ज्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, त्याचं बोलणं सगळ्यांना गरजेचं झालं.

आपल्याकडे एकाच गटात घरी मराठी, हिंदी किंवा मल्याळम बोलणारी मुलं असू शकतात. जो मराठीत अडखळतो तो गप्प बसतो. त्याच्याकडे तिसरं प्रकरण असेल तर गट थांबून त्याचं ऐकतो.

याच्या जोडीला एक सावधगिरीही आहे. १९८५ मध्ये स्टॅसर आणि टायटस यांनी दाखवलं, की गट चर्चेत तेच मुद्दे पुन्हा पुन्हा घोळवतो जे सगळ्यांना आधीच ठाऊक असतात. एखाद्याकडेच असलेली माहिती टेबलावर येतच नाही, आणि निर्णय चुकतो. म्हणून फेरी संपल्यावर संचालकाने एक प्रश्न विचारायचाच: जे फक्त तुलाच माहीत आहे, असं काही राहिलं का?

उपक्रम ३: तलावाचा फेरफटका

भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले तलाव पुढे मालगुजारांकडे राहिले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव किंवा ‘मामा तलाव’ म्हणतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, हा प्रश्न तेव्हापासून गावोगावी आहे.

सहा जणांनी एका तलावावर जायचं आणि सहा जागा वाटून घ्यायच्या: पाळ, सांडवा, पाट, गुरं उतरतात तो घाट, पाणी येतं ती वरची बाजू आणि मासेमारीची जागा. वीस मिनिटं प्रत्येकाने एकट्याने पाहायचं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘मला काय वाटतं’. ‘पाळीवर तीन ठिकाणी बेशरमची झुडपं, काठापासून चार पावलं आत’ हे डावीकडे. ‘गावाचं तलावाकडे लक्ष नाही’ हे उजवीकडे. मग झाडाखाली बसून सहा पानं जोडून एकच नकाशा काढायचा.

गावकऱ्यांबरोबर चालत चालत गाव समजून घ्यायची ही पद्धत रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे जगभर पोहोचली, आणि १९९० च्या आसपास भारतातल्या खेड्यांत ती बरीच वापरली गेली. आपल्याच परिसरातलं उदाहरण हवं असेल तर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचं आहे. मंडळ अर्जुनी मोरगाव भागातलं. हा भाग १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होता. ढिवर समाजाला मासे आणि पाणवनस्पतींची जी माहिती होती, तिच्या आधारे तलावातली बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावायचं काम या मंडळाने केलं. तुमच्या फेरफटक्यातही एखादे ढिवर काका सोबत असू द्या. सहा वह्यांत येणार नाही ते त्यांच्या एका वाक्यात येईल.

वेळ कोणती? कॅथलिक ख्रिस्तसभा १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीकाळ पाळते. तेव्हा तलाव भरलेला असतो आणि बांधीत धान उभं असतं. पाहायला हा काळ चांगला. झुडपं काढायचं काम उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर.

तुम्ही काय उचलाल: निरीक्षण आणि अनुमान वेगळं ठेवणं. पीएचडीच्या पहिल्या वर्षात मार्गदर्शक ज्यासाठी सगळ्यात जास्त लाल रेघा मारतात, ती ही गोष्ट आहे.

उपक्रम ४: रोवणीची मजुरी

मत्तयच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे. मालक सकाळी मजूर लावतो, मग दिवसात आणखी चार वेळा, अगदी संध्याकाळी पाचच्या सुमारासही. आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले चिडतात.

झाडीपट्टीत द्राक्षमळे नाहीत, रोवणी आहे. म्हणून दाखला आपल्या बांधीत आणा. बैठकीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येकाने घरी किंवा शेजारी एका व्यक्तीशी बोलून यायचं. प्रश्न तीनच: मागच्या रोवणीत तुम्हाला किती दिवस काम मिळालं? मजुरी रोजाने होती की ठेक्याने? बाईला आणि पुरुषाला किती किती मिळाली? मग बैठकीत पाच भूमिका: मालक, मुकादम, सकाळची मजूर, दुपारची मजूर आणि कोणीच न बोलावल्यामुळे संध्याकाळपर्यंत चौकात बसून राहिलेली म्हातारी. सहावा माणूस फक्त टिपणं घेतो. दंडार बघितलेल्या मुलांना नाटक शिकवावं लागत नाही.

खेळ संपल्यावर विचारा: मालकाने न्याय केला की दया? घरून आणलेल्या माहितीत दोन मजुरींतला फरक दिसला असेल तर चर्चा लगेच जमिनीवर येते. समान कामाला समान मजुरी ही १९७६ पासून कायद्यातली गोष्ट आहे.

तुम्ही काय उचलाल: प्रश्न विचारायची रीत. ‘तुमच्यावर अन्याय होतो ना?’ या प्रश्नाने उत्तर आधीच ताटात वाढलंय. ‘मागच्या रोवणीत किती दिवस?’ या प्रश्नाला काळ आहे, मोजमाप आहे, आणि सांगणाऱ्याला आठवायला आधार आहे.

उपक्रम ५: एक ठराव, एक तारीख

प्रायश्चित्तकाळात किंवा आगमनकाळात बहुतेक ठिकाणी प्रवचन होतं: मोबाईल कमी वापरा, गरिबांना मदत करा. सगळे माना डोलावतात आणि पुढे काही होत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. सरकारला वाटत होतं, की गृहिणींनी काळीज, गुर्दे असले एरवी न शिजवले जाणारे भाग वापरावेत. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १३ ते १७ जणींचे सहा गट घेतले. तीन गटांना चांगलं व्याख्यान दिलं, पाककृतीही वाटल्या. तीन गटांत चर्चा झाली आणि शेवटी ‘कोण करून बघणार?’ असं विचारून हात वर करायला लावले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के बायकांनी नवा प्रकार शिजवला होता, आणि चर्चेच्या गटांत ३२ टक्के.

हा प्रयोग शिकवताना बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. लेविनच्या चर्चेच्या गटांत तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या होत्या: चर्चा होती, निर्णय होता, सगळ्यांसमोर हात वर करणं होतं, आणि बाकीच्याही तयार आहेत हे दिसत होतं. यातल्या कशामुळे फरक पडला? १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी या गोष्टी सुट्या करून तपासल्या. नुसत्या चर्चेने फार फरक पडला नाही आणि जाहीर हात वर करण्यानेही नाही. फरक पडला तो निर्णय घेतल्याने आणि ‘गटातले बहुतेक जण करणार आहेत’ या जाणिवेने.

म्हणून उपक्रम असा: बैठक संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर, नाव न घालता, ‘करणार’ किंवा ‘नाही’ लिहायचं. संचालकाने फक्त आकडा सांगायचा: सहापैकी पाच. लाजाळू मुलावर दडपण येत नाही, आणि निर्णय तर होतोच. मग फळ्यावर तारीख लिहायची आणि त्या तारखेला फक्त एवढंच विचारायचं: झालं का?

उपक्रम ६: नावानिशी काम

‘नाताळचा गोठा आपण सगळे मिळून करू’ असं ठरलं की शेवटी दोघंच करतात. बारभाईची शेती, काय लागेल हाती, हे आपल्याकडे फार आधी म्हटलं गेलंय. फ्रेंच कृषी-अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी ते दोरी ओढायला लावून मोजलं आणि १९१३ मध्ये छापलं. माणसं वाढली तशी माणशी ओढ कमी झाली. आठ जणांत ती एकट्याच्या ओढीच्या निम्म्यावर आली.

पण ही घट एकमेकांचा ताल न जमल्याने, की अंग राखल्याने? १९७४ मध्ये इंगम आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. खऱ्या माणसाचे डोळे बांधून त्याला पुढे उभं केलं. मागे माणसं होती, पण ती ओढायचं नुसतं नाटक करत होती. ताल चुकायचा प्रश्नच नव्हता, तरी ओढ कमी झाली. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि आरोळ्या मोजून याला ‘सोशल लोफिंग’ हे नाव दिलं. आपण त्याला अंगचोरपणा म्हणू. १९८१ मध्ये याच तिघांनी उपायही दाखवला: प्रत्येकाचं काम वेगळं ओळखू येत असेल तर अंगचोरपणा नाहीसा होतो.

सहा जणांत हे सोपं आहे. गवत कोण आणणार, दिवे कोण लावणार, धर्मग्रामातल्या कोणत्या आजी-आजोबांना कोण भेटणार, हे नावासकट कागदावर लिहून भिंतीला लावा. यात शाबासकी किंवा शिक्षा देऊ नका. कोणाचं काम कोणतं, हे दिसणं पुरेसं असतं.

मोजायचं कसं

सोपं साधन म्हणजे बोलण्याच्या पाळ्या मोजणं. हार्वर्डच्या रॉबर्ट बेल्स यांनी १९५० मध्ये गटातलं बोलणं टिपायची सविस्तर पद्धत पुस्तकात मांडली. आपल्याला त्यातला पहिला धडाच पुरेसा आहे: वहीत सहा नावं, कोणी बोललं की त्याच्यापुढे एक रेघ.

समजा (आकडे काल्पनिक आहेत) नेहमीच्या बैठकीत ३० पाळ्यांची वाटणी १८, ६, ३, २, १, ० अशी निघाली. म्हणजे ६० टक्के बोलणं एकाचं. ‘आधी लिहा’ सुरू केल्यावर १०, ६, ५, ४, ३, २ अशी निघाली. आता एकाचा वाटा ३३ टक्के. फरक दिसतो. पण तो उपक्रमाचा, की त्या दिवशी विषय सोपा होता म्हणून? यासाठी चार रविवार जुनी पद्धत, चार रविवार नवी, मग पुन्हा चार जुनी, चार नवी असं आलटून पालटून करा. पद्धत बदलली की आकडा दरवेळी त्याच दिशेने हलला, तर तुमच्या दाव्यात दम आहे.

इथे एक सापळा आहे. सहा जणांच्या नोंदी म्हणजे सहा स्वतंत्र नमुने नाहीत. एक जास्त बोलला की दुसऱ्याला जागा कमी मिळते, म्हणजे नोंदी एकमेकींना बांधलेल्या आहेत. गटच तुमचं एकक आहे, आणि तुमच्याकडे गट एकच आहे. त्यामुळे ‘भंडाऱ्यातल्या युवकांमध्ये असं आढळलं’ हे वाक्य लिहायचं नाही. ‘या गटात, या सोळा रविवारी असं दिसलं’ एवढंच लिहायचं.

परवानगी

गटात अठरा वर्षांखालची मुलं असतात. घरच्यांना आणि फादरांना आधी सांगा. नुसत्या गटाच्या वापरासाठी रेघा मारत असाल तर गटाचा होकार पुरे. पण हीच वही पुढे प्रबंधात किंवा शोधनिबंधात वापरायची असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, नंतर नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्य-संशोधनासाठी आहेत, पण मुलांबाबतचा नियम शिकण्यासारखा आहे: पालकांची संमती हवीच, शिवाय सात ते बारा वयाच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. चर्चमधली पोरं वही घेऊन तलावावर किंवा दारोदार फिरली, तर गावात शंका येऊ शकते. आपण थोडे आहोत, म्हणून हे जास्त जपावं लागतं. आधी ग्रामपंचायतीत सांगा, कोण आहोत आणि काय करतोय ते उघड बोला, वर्गातल्या बौद्ध, हिंदू, मुस्लिम मित्रांनाही सोबत घ्या. तलाव सगळ्यांचाच आहे. तयार झालेला नकाशा गावाला द्या. माहिती घेऊन निघून जाणारा संशोधक लोकांच्या लक्षात राहतो, आणि पुढच्याला दार उघडलं जात नाही.

शेवटी, गट प्रार्थनेसाठी आणि सोबतीसाठी जमतो. कोणी घरचं दुःख सांगत असेल तर वही मिटा. त्या दिवशीची नोंद कोरी राहिली तरी चालेल, फक्त ती कोरी का राहिली ते खाली लिहा. ‘नोंद नाही’ आणि ‘शून्य’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवात करायची असेल तर सहाही उपक्रम एकदम घेऊ नका. येत्या रविवारी पहिला घ्या. सहा चिठ्ठ्या, सहा पेनं, पाच मिनिटं शांतता. आणि तो घेण्याआधी एक बैठक तरी जुन्या पद्धतीची मोजून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?